झाकली मूठ

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनाच्या वेळी हेन्डरसन येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या खोलीतून मसालेभाताचा वास यायला लागला आहे, आणि तुम्ही व मसालेभात ह्यांच्यामध्ये आता फक्त आमचं भाषण उभं आहे, ह्याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो.

'आम्ही' म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. २०२० आणि २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मंडळातले आम्ही सहा जण फोनवर बसलो होतो. चौघे तिशीतले संगणकवाले, बँकेत नोकरी करणाऱ्या एक वहिनी आणि एक निवृत्त हिशेबनीस काका. आज हे भाषण वाचणारा एकटा असला, तरी शब्द सहाही जणांचे आहेत. चुकाही सहाही जणांच्या आहेत, आणि त्यातली एक मोठी चूक आज तुमच्यासमोर सांगायची आहे. आजचा निधी कशासाठी उभारायचा आणि कसा वापरायचा, ते आम्हांला त्या चुकीतूनच कळलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करतो. आम्हां नोकरीवाल्यांचा पगार त्या काळात एकदाही चुकला नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला की झालं ऑफिस! मोटरवेच्या गर्दीतून सुटका झाली, पेट्रोल वाचलं, आणि खरं सांगायचं तर बँकेतली शिल्लक थोडी वाढलीच. त्यामुळे पैशाच्या चिंतेवर आम्ही बोलायचं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवण्यासारखं आहे. पण काठावरच्या माणसाला एक काम करता येतं. कोण गटांगळ्या खातंय ते बघायचं आणि दोर फेकायचा. ते आम्ही थोडंफार केलं. आणि एकदा बघायचंच राहून गेलं.

पाडव्याची रात्र

आठवतंय ना? २३ मार्च २०२०, सोमवार. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ह्यांनी टीव्हीवर सांगितलं की ४८ तासांत सगळा देश लेव्हल ४ मध्ये जाणार. बुधवारी, २५ तारखेला, आपला गुढीपाडवा होता. सकाळी घराघरांत गुढ्या उभ्या राहिल्या, श्रीखंडाच्या वाट्या भरल्या, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. सरकारचा संदेश होता. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी दारं बंद झाली. नववर्षाचा पहिला दिवस संपता संपता!

आपल्या मंडळाची सभासदयादी त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा वेगळ्या नजरेने वाचली. एरवी आपण म्हणतो, आपली माणसं म्हणजे आयटीवाली आणि डॉक्टर. पण यादीत कितीतरी जण स्वतःच्या हिमतीवर जगणारे निघाले. टॅक्सी चालवणारे, स्वतःची व्हॅन घेऊन कुरिअर पोचवणारे, घरांना रंग देणारे, ऑफिसांची साफसफाई करणारे, ड्रायव्हिंग शिकवणारे, भुवया कोरण्याचं छोटं दुकान चालवणाऱ्या, तबला आणि भरतनाट्यम् शिकवणाऱ्या, लग्नाचे फोटो काढणारे, डबे करणाऱ्या. गावाकडे आपण ज्याला 'हातावर पोट' म्हणतो तेच. इथे फक्त त्या हातात जीएसटी नंबर असतो.

डेअरीवाल्यांची दुकानं उघडी राहिली, एका वेळी एक गिऱ्हाईक आत घेऊन. त्यांना चिंता पैशापेक्षा तब्येतीची होती. बाकीच्यांचं मात्र एका रात्रीत थांबलं. लेव्हल ४ मध्ये हॉटेलं तर बंद होतीच, पण घरी नेण्याचं शिजवलेलं अन्न विकायलाही मनाई होती. परदेशी प्रवाशांसाठी देशाची सीमा १९ मार्चलाच मिटली होती, त्यामुळे विमानतळावरची टॅक्सी आधीच गार पडली होती.

"लॅपटॉप जरा चालत नाहीये"

पहिला फोन पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला. डबे करणाऱ्या एका ताईंचा. "अरे, लॅपटॉप जरा चालत नाहीये. तू कम्प्युटरवाला ना, बघतोस का?" व्हिडिओवर बघितलं तर लॅपटॉप व्यवस्थित चालू. दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग हळूच, "ते सरकारी पैशाचं काहीतरी आहे म्हणे... आपल्याला नसेल ना ते?"

पुढच्या पंधरा दिवसांत असे बरेच फोन आले. कुणाचा प्रिंटर रुसला होता, कुणाचा पासवर्ड हरवला होता, एका दादांना तर 'इंटरनेट स्लो' वाटत होतं. बिघाड एकाचाही नव्हता. बिघाड विचारणं सोपं होतं, पैशाचं विचारणं अवघड. आपल्याकडे म्हणच आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा आम्ही ठरवलं की कुणी प्रिंटरचं विचारलं की आपण प्रिंटर बघायचा, आणि मग सहज सुरात म्हणायचं, "बरं, वेज सबसिडीचा अर्ज भरलात का? सगळेच भरताहेत."

आता ह्या वेज सबसिडीविषयी थोडं, कारण नोकरीवाल्या देणगीदारांना तिचं गणित ठाऊक नसेल. २०२० च्या पहिल्या फेरीत पूर्ण वेळ, म्हणजे आठवड्याला २० तास किंवा जास्त, काम करणाऱ्याला आठवड्याला ५८५.८० डॉलर आणि त्याहून कमी काम करणाऱ्याला ३५० डॉलर मिळत. १२ आठवड्यांचे एकदम. म्हणजे पूर्ण वेळवाल्याला ७,०२९.६० डॉलर एका दमात खात्यात. अट अशी की महिन्याचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा किमान ३० टक्क्यांनी घटलेलं असावं, किंवा घटेल असं दिसत असावं. स्वतःचा एकट्याचा व्यवसाय असणाऱ्यालाही ही सोय खुली होती. मुख्य म्हणजे सरकारने आधी विश्वास ठेवून पैसे दिले आणि तपासणी मागाहून केली. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांचा त्यावर विश्वासच बसेना. ताईंच्या खात्यात चौथ्या दिवशी पैसे आले, तर त्यांनी आठवडाभर त्यांना हातच लावला नाही. म्हणाल्या, "चुकून आले असतील. उद्या परत मागितले तर?" हिशेबनीस काकांनी तीन वेळा समजावलं तेव्हा कुठे किराण्याची यादी निघाली.

फट कुठे पडली

मग चिंता कसली, असं तुम्ही विचाराल. तर एका टॅक्सीवाल्या घराचा हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा घरांत चालतात तसेच आहेत. समजा आठवड्याचं घरभाडं ५५०, गाडीचा हप्ता १५०, विमा, फोन आणि वीज मिळून ९०, किराणा २००. झाले ९९० डॉलर. सबसिडीचे ५८५.८० वजा केले, तर दर आठवड्याला ४०४ डॉलर २० सेंटची खोट. बारा आठवड्यांत ४,८५० डॉलरच्या वर. घराचं कर्ज असणाऱ्यांना बँकांनी सहा महिने हप्ता पुढे ढकलू दिला, पण व्याज चालूच राहिलं. भाडेकरूंचं भाडं सहा महिने वाढवायला सरकारने बंदी केली. पण वाढलं नाही म्हणजे माफ झालं असं नव्हे! ते दर आठवड्याला द्यायचंच होतं.

भुवया कोरण्याचं दुकान चालवणाऱ्या वहिनींचं निराळंच. दुकानाला कुलूप, पण दुकानाचं भाडं चालू. इथे भाडेकरार वाचायची सवय उपयोगी पडली. क्राइस्टचर्चच्या २०१०-११ च्या भूकंपांनंतर इथल्या नेहमीच्या व्यापारी भाडेकरारात एक कलम आलं आहे. आपत्तीमुळे जागेत जाताच येत नसेल, तर भाड्याचा रास्त हिस्सा कमी व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. वहिनींच्या करारात ते कलम होतं, फक्त त्यांनी तो करार सही केल्यापासून उघडला नव्हता. घरमालकाला पत्र गेलं आणि बोलणी होऊन भाडं कमी झालं. २०२१ च्या अखेरीस तर ज्यांच्या करारात हे कलम नव्हतं त्यांच्यासाठी कायद्यातच तशी तरतूद झाली.

आणखी एक खड्डा पुढच्या वर्षी दिसला. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने स्वतःसाठी घेतलेली सबसिडी हे करपात्र उत्पन्न होतं. ज्यांनी सगळी रक्कम खर्चून टाकली, त्यांना कराचं बिल आलं तेव्हा घाम फुटला. हे आम्ही अर्ज भरतानाच ठासून सांगायला हवं होतं. काहींना सांगितलं, काहींना सांगायचं राहिलं.

आणि काही जणांना आम्ही मदत करूच शकलो नाही. ज्यांचा व्यवहार रोखीचा, वही नाही, पावती नाही, नोंदणी नाही, त्यांना उत्पन्न ३० टक्के घटलं हे दाखवायचं कशावरून? ही गोष्ट आज इथे सांगताना कुणाला टोचू नये, पण स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. नोंद ही कर भरण्यापुरती नसते. वाईट दिवस आले की आपल्या कष्टांचा साक्षीदार तेवढाच असतो.

एवढं सगळं बघितल्यावर आम्हां संगणकवाल्यांच्या डोक्यात एक जुनाच धडा पक्का झाला. दोन यंत्रं वेगवेगळ्या वेगाने चालत असतील, तर मध्ये एक साठवणीची जागा ठेवावी लागते. तिला आम्ही बफर म्हणतो. बफर नसला की माहिती हरवते, दोन्ही यंत्रं धडधाकट असूनसुद्धा! भाडं दर आठवड्याला येतं आणि मदत तिच्या तिच्या वेळेने येते. माणूस कष्टाळू असतो, सरकारही देत असतं, आणि तरी मधल्या फटीत घर अडकतं.

जे बघायचं राहून गेलं

आता ती चूक.

१७ ऑगस्ट २०२१ च्या मध्यरात्री पुन्हा लेव्हल ४ लागली. ह्या वेळी डेल्टा होता. देशाचा बाकीचा भाग लवकर मोकळा झाला, पण आपलं ऑकलंड २१ सप्टेंबरपर्यंत लेव्हल ४ मध्ये आणि पुढे २ डिसेंबरपर्यंत लेव्हल ३ मध्ये राहिलं. सगळे मिळून १०७ दिवस. गणपती १० सप्टेंबरला आले, पण घरचेच चौघे आणि बाकीची आरती पडद्यावर.

ह्या खेपेला सबसिडीचे नियम बदलले होते. आठवड्याला ६०० डॉलर, उत्पन्नातली घट ४० टक्के, आणि पैसे बारा आठवड्यांचे नव्हे, तर दोनच आठवड्यांचे. दर दोन आठवड्यांनी नवा अर्ज. पहिले अर्ज २० ऑगस्टला खुले झाले आणि दुसरे ३ सप्टेंबरला.

आपल्यातले एक दादा घरांना रंग द्यायचं काम करतात. त्यांनी ही गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे. "नाव नको, पण सांगा," म्हणाले. २०२० मध्ये त्यांचा अर्ज आम्हीच भरला होता. २०२१ मध्ये पहिला अर्ज त्यांनी स्वतः भरला. १,२०० डॉलर आले. मागच्या वेळी सगळे पैसे एकदम आले होते, म्हणून ह्या वेळीही पुढचे आपोआप येतील असं त्यांनी धरलं. ते येईनात. दादा वाट बघत राहिले. भाडं आलं, गाडीचा विमा आला, धाकट्याच्या दाताचं बिल आलं. १० सप्टेंबरला रात्री आरतीला ते पडद्यावर होते. झब्बा घालून, टाळ्या वाजवत, हसऱ्या चेहऱ्याने. "काय दादा, मजेत?" असं आमच्यातल्या एकाने विचारलंसुद्धा. "मजेत!" म्हणाले.

त्याच रात्री त्यांनी आपली व्हॅन विकायचं फोनवर ठरवलं. व्हॅन, शिड्या आणि रंगाचा फवारा मारायचं यंत्र, सगळं मिळून. विसार म्हणून थोडे पैसे खात्यात घेतले आणि त्यातून भाडं भरलं. सामान पोचवायचं लेव्हल उतरल्यावर.

२२ सप्टेंबरला लेव्हल ३ सुरू झाली आणि रंगकामाला परवानगी मिळाली. सकाळी आठ वाजता दादांना जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, उद्यापासून याल का म्हणून. दहा वाजता व्हॅन न्यायला माणूस आला. शब्द दिला होता, विसार घेतला होता. दादांनी किल्ली दिली.

मंडळी, १० सप्टेंबरला रात्री, आपण सगळे आरती म्हणत होतो तेव्हा, दुसऱ्या हप्त्याचा अर्ज खुला होता. भरायला फार तर पंधरा मिनिटं लागली असती. शिवाय त्याच ऑगस्टपासून आयआरडीकडून रिसर्जन्स सपोर्ट पेमेंट नावाची वेगळी रक्कम मिळत होती. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला जास्तीत जास्त १,९०० डॉलर. दादांना ती माहीतच नव्हती. आम्हांला माहीत होती! दोन्ही मिळून ३,१०० डॉलरपर्यंतचा आधार हाताशी असताना आपल्या एका माणसाने पोट भरायचं साधन विकलं. त्यांना गरज होती ती बारा दिवस निभावण्याची.

आम्हांला हे कळलं नोव्हेंबरात, दिवाळीनंतर. दादा तेव्हा दुसऱ्या एका रंगाऱ्याच्या हाताखाली तासावर काम करत होते. "फोन का नाही केलात?" आम्ही जरा चिडूनच विचारलं. ते म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्ही इतकं केलंत. परत परत काय तोंड घेऊन यायचं?" आणि मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही तरी कुठे केलात?"

ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. फोनवर बसून आम्ही फोन येण्याची वाट बघत होतो. आम्हांला वाटत होतं, ज्याला गरज आहे तो विचारील. पण पैशाच्या बाबतीत आपला मराठी माणूस जितका अडचणीत, तितका गप्प असतो. मूठ घट्ट झाकलेली असते, म्हणून ती भरलेली आहे असं आपण समजत राहतो.

दादा आज सुखरूप आहेत. त्यांनी पुढे दुसरी व्हॅन घेतली, जुनी घेतली, कर्ज काढून घेतली. पण स्वतःचा धंदा पुन्हा उभा करायला त्यांना दीड वर्ष लागलं.

हे नवं नाही

आपण आज ज्या हेन्डरसनमध्ये बसलो आहोत, ते स्वतःच्या हिमतीवर जगणाऱ्या परदेशी माणसांनीच वसवलेलं गाव आहे. दाल्मेशियातून आलेल्या कुटुंबांनी इथे द्राक्षं आणि फळबागा लावल्या. लेबनॉनहून आलेल्या असिद अब्राहम कॉर्बन ह्यांनी १९०२ मध्ये इथे जमीन घेऊन द्राक्षमळा सुरू केला. त्यांच्या वाइनरीच्या जागेत आज कलाकेंद्र आहे, आपली मुलं तिथे चित्रकलेला जातात. पुढे ह्या भागात मतदानाने दारूविक्रीला बंदी आली आणि कॉर्बन ह्यांना स्वतःच्या मळ्यातली वाइन मळ्यात विकता येईना. तेव्हा त्यांनी रेल्वेरुळांच्या पलीकडे, बंदी नसलेल्या हद्दीत, विक्रीची जागा काढली. सरकारी हुकूम निघाला आणि धंदा थांबला, हे शंभर वर्षांपूर्वीही इथे घडलं होतं.

आणि आपल्या मुंबईतही घडलंच की. मार्च २०२० मध्ये डबेवाल्यांनी सेवा थांबवली तेव्हा शतकाहून जुनी परंपरा थांबली. डबेवाला कुणाचा नोकर नाही. डबा पोचला तरच पैसे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा राज्य सरकारने नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. इथेही 'नोंदणी' हा शब्द बघा. ज्याचं नाव कागदावर, त्यालाच मदत.

त्याहून मागे जाऊ. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवतात? १९७४ च्या गिरणी संपात कामगारांचा पगार थांबला, पण ह्या बायकांनी त्यांना जेवू घालणं थांबवलं नाही. उधारीवर वाढत राहिल्या आणि स्वतः वाणी आणि सावकाराच्या कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव ह्यांनी हे पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांनी एकमेकींची हमी द्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून रास्त व्याजाने कर्ज घ्यायचं. त्या बायका कष्टात कमी नव्हत्या. संप आणि पगार ह्यांच्या मधला काळ निभवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. आपल्या आया-आज्यांची भिशी तरी दुसरं काय करायची?

म्हणजे हे काम आपल्या रक्तात आहे. इथे आल्यावर आपण ते थोडे विसरलो, एवढंच.

डबेवाल्या ताईंच्या बाबतीत एकदा आम्हांला ते नीट जमलं, तेही सांगतो. २०२१ च्या दिवाळीत लेव्हल ३ होती. लांबून देवाणघेवाण करून खाद्यपदार्थ पोचवायला परवानगी होती, आणि ताईंचं स्वयंपाकघर कौन्सिलकडे रीतसर नोंदलेलं होतं. पण तूप, बेसन, सुका मेवा आणायला हाताशी पैसे नव्हते. तेव्हा आम्ही तीसेक घरांनी फराळाचे पैसे तीन आठवडे आधी भरले. देणगी नाही, उपकार नाही, फक्त आगाऊ रक्कम. ताईंनी त्यातून सामान आणलं, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी प्रत्येक दारात डबा पोचला. चकल्या जरा जास्त खुसखुशीत झाल्या होत्या, पण त्यावर आम्ही भाष्य केलं नाही!

निधी कसा चालेल

तेव्हा आजच्या निधीविषयी. साथ गेली, आता कशाला, असं कुणी म्हणेल. पण २७ जानेवारी २०२३ ला ऑकलंडमध्ये पाऊस कोसळला, पश्चिम ऑकलंडमध्ये घरांत पाणी शिरलं, आणि पाठोपाठ फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ आलं. कुणाची अवजारं भिजली, कुणाची गाडी वाहून गेली, विम्याचे पैसे यायला महिने लागले. संकटाचं नाव बदललं, फट तीच. आणि आजारपणाला तर लॉकडाऊनही लागत नाही. नोकरीवाल्याला आजारपणाची रजा असते. रंगारी आजारी पडला तर त्याच्या रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

समितीने ठरवलेले नियम असे :

१. मदत छोटी आणि झटपट. एका कुटुंबाला जास्तीत जास्त दोन आठवड्यांचं घरभाडं किंवा तेवढ्याच रकमेचा हप्ता वा बिल. निर्णय ४८ तासांत.

२. प्रश्न तीनच. कोणतं बिल, किती रकमेचं, कोणत्या तारखेचं. बिल मंडळ थेट भरील.

३. नाव तीन जणांच्या समितीबाहेर जाणार नाही. वार्षिक सभेत फक्त आकडे वाचले जातील.

४. परतफेड जमेल तेव्हा, जमेल तेवढी, बिनव्याजी. नाही जमली तर तगादा नाही.

५. पैशांबरोबर एक माणूस. सरकारी अर्ज, भाडेकरार, कराचा हिशेब ह्यांत मदत करायला आमच्यापैकी एकजण सोबत बसेल. बहुतेक वेळा पैशांपेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं.

६. आणि सगळ्यांत महत्त्वाचं. फोन आम्ही करू. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक सभासदाला वर्षातून दोनदा, आणि संकट आलं तर पहिल्याच आठवड्यात. "मजेत" असं उत्तर आलं, तर आणखी एक प्रश्न विचारू.

देणगीदारांचा रास्त प्रश्न असा की कुणी गैरफायदा घेतला तर? एखादा घेईलही. २०२० मध्ये सरकारने विश्वासावर पैसे वाटले, मागाहून तपासण्या झाल्या, काहींना परत करावे लागले. पण त्या विश्वासामुळे लाखो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. आपण तर एकमेकांना ओळखतो. हिशेब आमचे काका ठेवणार आहेत, आणि ज्यांनी काकांकडे पिकनिकच्या खर्चाची पावती दिली आहे, त्यांना काकांची नजर ठाऊक आहे.

स्वतःचा धंदा करणाऱ्या मंडळींना दोनच विनंत्या. दर बिलातला जीएसटी आणि कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाका, तो आपला नाही असं समजून विसरून जा. आणि वही महिन्याच्या महिन्याला लिहा. जमत नसेल तर रविवारी आमच्याकडे या, चहा आमचा. रात्री झोप लागेनाशी झाली, तर १७३७ ह्या क्रमांकावर कधीही, विनामूल्य, बोलता येतं. त्यात कमीपणा नाही.

नोकरीवाल्या मंडळींना एकच विनंती. लॉकडाऊनमध्ये आपल्या मोटरवेच्या प्रवासाचं जे पेट्रोल वाचलं, त्यातला थोडा भाग आजच्या पाकिटात घाला. पाकीट ह्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानात आहे. रक्कम लिहायची सक्ती नाही, नाव लिहायचीही नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण शाळेत फळ्यावर लिहिलं आहे.

भाषण आम्ही दादांना आधी वाचून दाखवलं होतं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण व्हॅन पांढरी होती, ते लिहा." तेव्हा लिहितो. व्हॅन पांढरी होती, दोन्ही बाजूंना त्यांच्या थोरलीने शाळेत असताना काढलेलं ब्रशाचं चित्र होतं. दादा आज इथेच आहेत, आणि निधीचं पहिलं पाकीट दारातच त्यांनी आमच्या हातात दिलं आहे.

चला, मसालेभात गार होतोय. जेवायला बसू.